जुना सिनेमा एकट्यानं का बघावा?

१९६४ साली राजा परांजपे यांचा 'पाठलाग' पडद्यावर आला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा हा रहस्यपट. वकिलाच्या भूमिकेत काशिनाथ घाणेकर आणि त्यांच्यासमोर भावना. दोनच वर्षांनी राज खोसला यांनी याच कथेवर हिंदीत 'मेरा साया' केला. त्याची नायिका साधना. कराचीत जन्मलेली, फाळणीनंतर कुटुंबासोबत मुंबईत आलेली सिंधी मुलगी. 'अबाना' (१९५८) या सिंधी चित्रपटात शीला रमाणी यांच्या धाकट्या बहिणीचं काम करून तिनं अभिनयाची वाट धरली होती. मराठी कथा, तिचं हिंदी रूप आणि सिंधीतून आलेली नायिका. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात जुन्या सिनेमाचा कार्यक्रम ठरवायचा, तर याहून नेमकी सुरुवात शोधून सापडणार नाही.

या तिन्ही शहरांत जुन्या सिनेमाच्या दर्दींची वाण नाही. कुणाला राजा परांजपे यांचे चित्रपट सालासकट पाठ असतात, कुणी मदन मोहन यांच्या चालींवर तासभर बोलू शकतो, कुणाकडे गाण्यांच्या जुन्या पुस्तिका जपून ठेवलेल्या असतात. पण बहुतेक जण सिनेमा बघतात ते एकटे, मोबाइलवर, कानात इअरफोन घालून. वरच्या मजल्यावर आपल्याच आवडीचं माणूस राहतं, हे कळायलाही वर्षं जातात. महिन्यातून एकदा एकत्र बसून एक चित्रपट नीट बघायचा आणि त्यावर मनमोकळं बोलायचं, एवढं जमवलं तरी चित्र पालटतं. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही, शिस्त मात्र लागते.

ही वाट मळलेली आहे

एकत्र बसून सिनेमा बघण्याची चळवळ आपल्याकडे जुनी आहे. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू केली. तेव्हा राय यांनी एकही चित्रपट काढलेला नव्हता. १९५९ मध्ये देशातल्या अशा मंडळांचा महासंघ उभा राहिला आणि त्याचं अध्यक्षपद राय यांच्याकडे आलं. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ स्थापन झालं. सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल यांच्यासारख्यांनी ते नावारूपाला आणलं आणि मराठी प्रेक्षकांच्या एका पिढीला सिनेमा वाचायला शिकवलं. मंडळाचं 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिकही त्याच धडपडीचा भाग. त्याही आधीपासून गणेशोत्सवात रस्त्यात पांढरं कापड ताणून १६ मिलिमीटरचा सिनेमा दाखवला जायचा आणि माणसं कापडाच्या दोन्ही बाजूंना बसून तो बघायची.

या तीन शहरांत तर जमेच्या बाजू बऱ्याच आहेत. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखभर माणसं वसली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. तिथल्या ज्येष्ठांच्या आठवणींत सिंधी, हिंदी आणि मराठी सिनेमा शेजारी शेजारी नांदतो. अंबरनाथमध्ये 'अंबरभरारी' संस्थेचा मराठी चित्रपट महोत्सव होतो, म्हणजे सिनेमावर बोलणारा श्रोता तिथं तयार आहे. बदलापूरमध्ये श्याम जोशी यांनी उभं केलेलं 'ग्रंथसखा' आहे. दुर्मीळ मराठी पुस्तकं आणि जुनी नियतकालिकं जपणारं ग्रंथालय. बघणारे, ऐकणारे आणि संदर्भ पुरवणारे असे तिघंही एकाच लोकल मार्गावर आहेत.

सुरुवात पाच-सहा जणांनी

पहिल्याच दिवशी शंभर माणसं जमवण्याच्या मागे लागू नये. पाच-सहा जण पुरेत, पण त्यांची निवड जरा विचारपूर्वक करावी. सगळे एकाच वयाचे आणि एकाच पसंतीचे असले, तर तिसऱ्या महिन्यात गप्पा आटतात. एक गाण्यांचा जाणकार, एक नाटकाशी संबंध असलेला, एखादी मास मीडियाची विद्यार्थिनी, एखादे सिंधीभाषक ज्येष्ठ आणि ज्याला जुन्या सिनेमाची काहीच माहिती नाही असा एक उत्सुक माणूस, अशी सरमिसळ असावी. माहिती नसलेल्याचा प्रश्न बहुतेक वेळा सर्वांत उपयोगी ठरतो.

उल्हासनगर ते बदलापूर हे अंतर लोकलनं जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं. अंबरनाथ मधे पडतं, त्यामुळे सुरुवातीचे कार्यक्रम तिथं ठेवणं सगळ्यांना सोयीचं. नंतर यजमानपद आळीपाळीनं तिन्ही शहरांत फिरवावं. सोसायटीचा हॉल, वाचनालयाची खोली, शाळेचा वर्ग, इतकंच काय, एखाद्याचा मोठा दिवाणखानाही चालतो. वार ठरवताना मात्र गृहीत धरू नये. कारखान्यात पाळी करणाऱ्यांना आणि दुकान चालवणाऱ्यांना रविवार मोकळा असतोच असं नाही, शिवाय रविवारी मेगाब्लॉकची धास्ती. शनिवारी संध्याकाळी पाचला सुरुवात केली, तर सव्वादोन तासांचा चित्रपट, मधला चहा आणि पाऊण तासाची चर्चा धरूनही साडेआठपर्यंत माणसं स्टेशनवर पोहोचतात. वेळ पाळणं हा पहिला नियम. पाच म्हणजे पाच. दोन कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाले, की तिसऱ्याला माणसं तेवढाच उशीर गृहीत धरून येतात.

पहिल्या सहा महिन्यांचा आराखडा

पहिला चित्रपट हलकाफुलका असावा. 'लाखाची गोष्ट' (१९५२) त्यासाठी उत्तम: राजा परांजपे यांचं दिग्दर्शन, गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत आणि हाती आलेले लाख रुपये ठरल्या मुदतीत उडवून दाखवण्याची गमतीदार अट. किंवा 'गुळाचा गणपती' (१९५३), ज्यात लेखनापासून संगीतापर्यंत आणि दिग्दर्शनापासून प्रमुख भूमिकेपर्यंत सगळीकडे पु. ल. देशपांडे आहेत. हसत घरी गेलेला प्रेक्षक पुढच्या वेळी आणखी एकाला घेऊन येतो.

दुसऱ्या महिन्यात 'पाठलाग' आणि तिसऱ्यात 'मेरा साया' ठेवावा. दोन्ही एकाच दिवशी दाखवण्याचा मोह टाळावा, कारण पाच तासांनंतर कुणाचंही डोकं चर्चेसाठी ताजं राहत नाही. महिन्याच्या अंतरानं बघितलं, की एकच कथा दोन दिग्दर्शकांनी कशी मांडली, कोर्टातले प्रसंग कुठं सारखे आहेत आणि गाणी कथेला पुढे नेतात की थांबवतात, यावर सगळ्यांना बोलता येतं. ज्यांनी आधी पाहिला आहे त्यांनी रहस्य फोडायचं नाही, अशी ताकीद मात्र दोन्ही वेळा द्यावी.

चौथ्या महिन्यात प्रभात फिल्म कंपनी. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यात आलेली ही कंपनी आपले बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढायची. मिश्र भाषेच्या मंडळाला हे वरदान आहे. 'कुंकू' (१९३७) हिंदीत 'दुनिया न माने' झाला, 'माणूस' (१९३९) 'आदमी' झाला आणि 'शेजारी' (१९४१) 'पडोसी'. यातला 'शेजारी' या भागासाठी खास. धरणाच्या प्रकल्पासाठी गावात फूट पाडली जाते आणि त्यात दोन म्हाताऱ्या मित्रांचं, एका हिंदूचं आणि एका मुसलमानाचं, नातं भरडलं जातं. मराठीत पाटलाची भूमिका केशवराव दाते यांनी आणि मिर्झाची गजानन जागीरदार यांनी केली. हिंदीत जागीरदार मिर्झाच राहिले, पण हिंदू ठाकूरच्या भूमिकेत दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी मझहर खान यांना घेतलं. फाळणीच्या सहा वर्षं आधीची ही निवड. फाळणीनं घर सोडावं लागलेल्या कुटुंबांतली माणसं समोर बसलेली असताना हा चित्रपट दाखवला, की चर्चा सुरू करून द्यावी लागत नाही. पूर्ण चित्रपट एका भाषेत दाखवून त्यातला एखादा प्रसंग दुसऱ्या भाषेत पुन्हा लावावा. अभिनयातला फरक लगेच डोळ्यांत भरतो.

पाचव्या महिन्यात 'अबाना'. चांगली प्रत मिळवण्यासाठी थोडी शोधाशोध करावी लागेल आणि ते काम सिंधीभाषक सदस्यांकडे आनंदानं सोपवावं. उपशीर्षकं नसतील, तर कुणीतरी आधी कथेचा गोषवारा सांगावा आणि मध्यंतरात शंका विचारून घ्याव्यात. सहाव्या महिन्यात मूकपट. दादासाहेब फाळके यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) तासाभराहून कमी लांबीचा आहे. त्यात बाळकृष्ण झाली आहे ती फाळके यांची मुलगी मंदाकिनी. शहरातल्या एखाद्या पेटीवादकाला आणि तबलजीला बोलावून हा मूकपट प्रत्यक्ष साथीवर दाखवला, तर शाळकरी मुलंही खिळून बसतात.

चौकट, आवाज, अंधार

जुना चित्रपट बिघडतो तो बहुधा दाखवणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे. पहिली तपासणी चौकटीची. त्या काळचे चित्रपट साधारण ४:३ प्रमाणात चित्रित झाले आहेत, तर आजचे टीव्ही आणि प्रोजेक्टर १६:९ चे. 'पूर्ण पडदा' असा पर्याय निवडला, की 'संत तुकाराम'मधल्या विष्णुपंत पागनिसांचा चेहरा आडवा फुगतो आणि शरीराची ती डोलणारी लय हरवते. सेटिंगमध्ये ४:३ किंवा 'ओरिजिनल' निवडावं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते येऊ द्यावेत. हालचाल गुळगुळीत करणारी सोय नव्या टीव्हीत असते, ती बंद ठेवावी.

दुसरी गोष्ट आवाजाची. त्या चित्रपटांचा आवाज एकाच वाहिनीचा असतो. त्यासाठी खोलीभर स्पीकर लावण्याऐवजी पडद्याखाली मधोमध एकच चांगला स्पीकर ठेवला, तर संवाद पात्राच्या तोंडून आल्यासारखे ऐकू येतात. खरखर जास्त असेल तर ट्रेबल थोडा कमी करावा. 'कुंकू' दाखवताना याची विशेष काळजी घ्यावी. व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत वापरलेलंच नाही. जे ऐकू येतं ते प्रसंगातल्या वस्तूंचं आणि माणसांचं. घड्याळाची टिकटिक, ग्रामोफोन, शांता आपटे यांचा आवाज. खोलीतला पंखा घरघरत असेल, तर दिग्दर्शकानं जपून ठेवलेली ती शांतता प्रेक्षकापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे चित्रपट आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच यंत्रावर, पंखे लावून दहा मिनिटं चालवून बघावा.

तिसरी गोष्ट अंधार. मे महिन्यात पाच वाजता खिडकीतून ऊन येतं, त्यामुळे जाड पडदे किंवा काळा कागद हाताशी असावा. पावसाळ्यात वीज गेली तर काय, हेही आधीच ठरवून ठेवावं. चार्ज केलेला लॅपटॉप असला, की निदान चर्चा तरी प्रसंग दाखवत करता येते.

हक्कांची बाजू

घरी चार मित्रांसोबत बघणं वेगळं आणि हॉलमध्ये कार्यक्रम करणं वेगळं. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं टिकतो. या हिशेबानं 'पाठलाग'ची मुदत २०२४ अखेर संपली, 'मेरा साया'ची २०२६ अखेर संपेल. पण गीत, संगीत, कादंबरी यांचे हक्क लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षं राहतात, हे विसरू नये. म्हणून हॉलमधल्या कार्यक्रमाआधी हक्कधारकांना पत्र लिहून परवानगी मागावी. कार्यक्रमाचं तिकीट लावू नये आणि तो इंटरनेटवरून प्रक्षेपितही करू नये. ओटीटीचं वर्गणीखातं घरगुती वापरासाठी असतं, सार्वजनिक खेळासाठी नाही. मंडळ स्थिरावलं, की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात रीतसर नोंदणी करून फिल्म सोसायट्यांच्या महासंघाचं सदस्यत्व घेण्याचा विचार करता येतो. त्यामुळे इतर मंडळांशी देवाणघेवाण सुरू होते आणि परवानग्यांचं काम कसं करायचं हे अनुभवी लोकांकडून शिकता येतं.

चर्चा कशी रंगवावी

चित्रपटाआधीचं प्रास्ताविक पाच मिनिटांत आटपावं. साल, दिग्दर्शक, बघताना लक्ष ठेवावी अशी एखादी गोष्ट, बस्स. बाकी माहिती एका पानावर छापून वाटावी. जुनी फिल्म सोसायटी मंडळं अशी टिपणं काढायची आणि सदस्य ती वर्षानुवर्षं जपायचे.

चित्रपट संपल्यावर पहिली संधी सर्वांत तरुण माणसाला द्यावी. ज्येष्ठांनी आधी बोलायला सुरुवात केली, तर तरुण गप्प बसतात आणि पुढच्या महिन्यात येत नाहीत. 'कसा वाटला?' या प्रश्नाचं उत्तर 'छान' एवढंच येतं. त्यापेक्षा नेमका प्रश्न ठेवावा. उदाहरणार्थ, 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) आजारी पोराला घेऊन थेट देवळात विठोबाशी भांडायला जाणारी जिजाई बघून प्रेक्षक कुणाच्या बाजूनं उभा राहतो? गौरी यांनी रंगवलेली ही बाई चूल, पोरं आणि म्हैस सांभाळते, नवऱ्यावर चिडते आणि त्याच्यावर जीवही टाकते. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवल्या गेलेल्या या चित्रपटाचा निम्मा प्राण तिच्यात आहे. असा एक प्रसंग पुन्हा लावून त्यावर बोललं, की गप्पा आपोआप खोलात जातात.

काही चित्रपटांतलं स्त्रियांचं किंवा जातीचं चित्रण आज खटकतं. ते झाकू नये आणि त्यावरून चित्रपट मोडीतही काढू नये. 'कुंकू'तली नीरा म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न मानायला १९३७ साली साफ नकार देते; त्याच काळातल्या इतर नायिका काय करत होत्या, हे शेजारी ठेवून बघितलं की वादाला आधार मिळतो.

सोबत वाचनही व्हावं. हंसा वाडकर यांची प्रमुख भूमिका असलेला 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्यात अडीच वर्षांच्या आसपास चालला. पुढे त्यांनी आत्मकथेला हेच नाव दिलं आणि त्या आत्मकथेच्या आधारे श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' (१९७७) केला. चित्रपट, पुस्तक आणि पुन्हा चित्रपट असा हा तीन महिन्यांचा सुरेख क्रम होतो. व्ही. शांताराम यांचं 'शांतारामा' आणि दुर्गा खोटे यांचं 'मी, दुर्गा खोटे' ही पुस्तकंही आळीपाळीनं वाचून कुणीतरी दहा मिनिटांत त्यावर बोलावं.

माळ्यावरचा ठेवा

भारतातल्या मूकपटांपैकी फारच थोडे आज हाती आहेत. जे आहेत त्यांच्यामागे पी. के. नायर यांच्यासारख्यांची वणवण आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नायर तिथं रुजू झाले. फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष त्यांनी कुटुंबीयांपर्यंत पोहोचून मिळवले. तरीही २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत प्रभातच्या मूळ नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. म्हणून घरोघरी काय पडून आहे, याची चौकशी हा मंडळाच्या कामाचा भाग असावा.

गाण्यांच्या पुस्तिका, तिकिटांची अर्धुकं, पोस्टर, ग्रामोफोनच्या तबकड्या जे सापडेल त्याची नोंद करावी. पुस्तिका प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवू नयेत. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांना बुरशी येते. कोरड्या कागदी पाकिटात, सपाट ठेवाव्यात. चिकटपट्टी लावू नये, स्टेपलची पिन गंजली असेल तर अलगद काढावी आणि प्रत्येक पान स्कॅन करून घ्यावं. फिल्मचं रीळ सापडलं, तर जास्त सावध राहावं. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल, तर फिल्म कुजू लागली आहे असं समजून ती इतर रिळांपासून वेगळी ठेवावी. १९५० च्या आधीचं ३५ मिलिमीटरचं रीळ नायट्रेटचं असण्याची शक्यता असते. ते भयंकर ज्वालाग्राही असतं. प्रोजेक्टरवर चढवून बघण्याचा किंवा घरात ठेवण्याचा प्रयोग करू नये. थेट पुण्याच्या संग्रहालयाशी संपर्क साधावा.

याहून नाजूक ठेवा म्हणजे माणसांच्या आठवणी. उल्हासनगरच्या छावणीत लहानाचे मोठे झालेले, अंबरनाथच्या कारखान्यांतून पाळी संपवून रात्रीच्या खेळाला जाणारे, बदलापूरहून कल्याणला सिनेमासाठी येणारे कितीतरी जण आज ऐंशीच्या पुढे आहेत. कुठल्या थिएटरात काय पाहिलं, तिकीट केवढ्याला होतं, कुणासोबत गेले होते, हे त्यांच्या तोंडून, त्यांच्याच भाषेत, त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करून ठेवा. मोबाइल पुरेसा आहे. मंडळाचं नाव, वर्गणी, बोधचिन्ह यांचा निर्णय सवडीनं झाला तरी चालेल. हे काम मात्र या महिन्यातच हाती घ्या.